इंग्रजीतला लांबलेला वेळ



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते सर आयुष्यभर मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवत आले. म्हणून इंग्रजी साहित्याकडे न वळता मी आज इंग्रजी व्याकरणातला एक कोपरा निवडला आहे. एखाद्या गोष्टीला फार वेळ लागला, एखादं काम रखडलं, एखादा बदल हळूहळू होत गेला, हे इंग्रजी वाक्य कसं सांगतं, एवढाच आजचा विषय. आपली मुलं इथे हमखास अडखळतात, आणि नोकरीचा अर्ज लिहिणारी पदवीधर मंडळीसुद्धा. ही अडखळ दुर्लक्षातून किंवा आळसातून येत नाही. मुलांच्या डोक्यात मराठीचं व्याकरण पक्कं बसलेलं असतं आणि ते आपलं काम चोख करत असतं. तेच व्याकरण हाताशी धरलं तर इंग्रजीच्या या रचना मुलांना फार लवकर येतात, असं माझं ठाम मत आहे.

एक खरं उदाहरण घेतो, कारण या रचना त्यात ओळीने भेटतात. ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली त्याची कल्पना निघाली. १८७९ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयाशी करार झाला आणि जेम्स मरे हे शाळामास्तर संपादक झाले. घराच्या आवारात त्यांनी पत्र्याची खोली उभारली आणि लोकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या तिथे लावून घ्यायला सुरुवात केली. दहा वर्षांत काम उरकेल असा अंदाज होता. १८८४ साली पहिला भाग निघाला, तेव्हा 'ए' या अक्षरावरून निघालेलं काम 'अँट' या शब्दापर्यंत पोचलं होतं. १९१५ साली मरे वारले, तेव्हा ते 'टी' या अक्षरावर काम करत होते. शेवटचा भाग १९२८ साली बाहेर पडला.

आता ही हकिकत इंग्रजीत सांगायची. पहिलं वाक्य : इट टुक फॉर्टी-नाइन इयर्स टु फिनिश द डिक्शनरी. दुसरं : आफ्टर फाइव्ह इयर्स दे हॅड ओन्ली गॉट ॲज फार ॲज 'अँट'. तिसरं : बाय द टाइम मरे डाइड, ही हॅड बीन वर्किंग ऑन इट फॉर थर्टी-सिक्स इयर्स. चौथं : इट वॉज नॉट अंटिल १९२८ दॅट द लास्ट पार्ट अपिअर्ड.

हीच वाक्यं आपल्या घरात कशी बोलली जातील ते पाहा. कोश पुरा व्हायला एकोणपन्नास वर्षं लागली. पाच वर्षांत जेमतेम 'अँट'पर्यंत मजल गेली. मरे गेले तेव्हा त्यांना त्या कामाला लागून छत्तीस वर्षं झाली होती. शेवटचा भाग निघायला १९२८ साल उजाडलं.

'साल उजाडलं' म्हणताना आपण कुठला नियम आठवत नाही. पण 'नॉट अंटिल' ही रचना जो अर्थ देते, तो अर्थ त्यात पुरेपूर आहे : व्हायला हवं होतं आधी, झालं तेव्हा फार उशीर झाला होता. दहावीच्या मुलाला 'नॉट अंटिल' समजावताना 'नाही' आणि 'पर्यंत' असे सुटे तुकडे हातात दिले की तो गोंधळतो. त्याला म्हणावं, 'घरी पोचायला रात्रीचे अकरा वाजले' हे तू आईला कसं सांगतोस? ते वाक्य त्याच्यापाशी आहेच. इंग्रजी वाक्य त्याच्या शेजारी ठेवायचं, एवढंच आपलं काम.

आता सर्वांत गाजलेल्या चुकीकडे येतो. मध्यंतरी एका जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवीच्या वर्गात मागे बसायची संधी मिळाली. फळ्यावर सूत्र होतं : कर्ता, त्यापुढे हॅव किंवा हॅज, त्यापुढे बीन, त्यापुढे क्रियापद आणि आयएनजी. मुलांनी ते एका सुरात म्हणून दाखवलं, एकही अक्षर चुकलं नाही. तास संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीला मी इंग्रजीत विचारलं, तू या शाळेत किती दिवस आहेस? ती न अडखळता म्हणाली, आय ॲम स्टडिंग हिअर सिन्स थ्री इयर्स. सूत्र तिला पाठ होतं, पण बोलायची वेळ आली तेव्हा ते मदतीला आलं नाही. कारण ती 'मी तीन वर्षांपासून इथे शिकतेय' असा विचार करत होती, आणि त्या वाक्यात सूत्राला शिरायला जागाच नव्हती.

तिच्या वाक्याची दोन अंगं आहेत. पहिलं क्रियापदाचं. शिकणं तीन वर्षांपूर्वी सुरू झालं आणि आजही चालू आहे. मराठीच्या दृष्टीने ते आज चालू आहे हे महत्त्वाचं, म्हणून वर्तमानकाळ. किती दिवस चालू आहे ते 'तीन वर्षांपासून' सांगतंच, मग क्रियापदाने ते पुन्हा कशाला सांगायचं? ही व्यवस्था अगदी तर्काला धरून आहे, आणि ती एकट्या मराठीची नाही. हिंदी, गुजराती तसंच करतात. फ्रेंच आणि जर्मनही तसंच करतात. 'मी दहा वर्षं इथे राहतो' हे पॅरिसचा किंवा बर्लिनचा माणूस साध्या वर्तमानकाळातच सांगतो, आणि म्हणून इंग्रजी शिकणारी फ्रेंच आणि जर्मन मुलंही नेमकी याच जागी घसरतात. यात वेगळ्या वाटेने जाते ती इंग्रजी. इंग्रजीला भूतकाळात रोवलेलं टोक आणि आजचं टोक दोन्ही क्रियापदातच दाखवायची असतात, म्हणून 'हॅव बीन' लागतं. आपल्या आठवीच्या मुलीला हे सांगायला हवं. तिचं वाक्य ऐकून आपण 'चूक' म्हणतो आणि थांबतो. तिचा तर्क बरोबर आहे, फक्त इंग्रजी इथे दुसरा तर्क लावते, हे ऐकायचा तिला हक्क आहे.

दुसरं अंग 'सिन्स'चं. आपलं 'पासून' दोन्ही ठिकाणी चालतं : 'सोमवारपासून' आणि 'तीन दिवसांपासून'. सोमवार हा एक बिंदू, तीन दिवस ही लांबी. इंग्रजीत बिंदूला 'सिन्स' आणि लांबीला 'फॉर'. नियम एका ओळीचा आहे, पण मुलांना तो ओळीने कळत नाही. मी शिक्षकांना वेगळा रस्ता सुचवतो. 'मला इथे येऊन तीन वर्षं झाली' हे वाक्य घ्या. इंग्रजीत, इट इज थ्री इयर्स सिन्स आय केम हिअर. जवळजवळ शब्दाला शब्द. 'येऊन' हा बिंदू, 'सिन्स' त्याला चिकटलेलं. 'तीन वर्षं झाली' ही लांबी, ती मोकळी. या वाक्यापासून सुरुवात केली तर 'सिन्स' कुणाला धरून राहतं हे मुलं स्वतःच शोधून काढतात. 'हॅव बीन'चं सूत्र त्यानंतर आणावं. आपल्याकडे क्रम नेमका उलटा आहे, आणि त्यात वर्षं वाया जातात.

'हॅव बीन'ला मराठीत जोड नाही असं शिकवलं जातं. तेही पूर्ण खरं नाही. सुरुवातीला मी सरांबद्दल म्हटलं, ते मुलांना शिकवत आले. 'करत आलो आहे' या रचनेत भूतकाळातून चालत आलेलं आणि आतापर्यंत पोचलेलं काम आहे; 'हॅव बीन डूइंग' नेमकं तेच. फरक एवढाच की आपलं 'करत आलो' वर्षानुवर्षांच्या, सवयीच्या कामाला शोभतं. बसथांब्यावर तासभर उभं राहिलेला माणूस 'थांबत आलोय' म्हणत नाही, 'थांबलोय' म्हणतो. इंग्रजी दोन्हीला एकच रचना वापरते. ही मर्यादा सांगून 'करत आलो' वापरावं, उपयोग फार होतो.

आणि ही इंग्रजी रचना काही कुण्या व्याकरणकाराने टेबलावर बसून तयार केलेली नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिल्या. त्यातल्या सरदाराच्या कथेत थीब्जच्या युद्धात नवरे गमावलेल्या बायका आहेत. राजा क्रेऑन त्यांच्या नवऱ्यांच्या प्रेतांना मूठमाती देऊ देत नाही. त्या बायका दयादेवीच्या देवळात अथेन्सचा अधिपती थीसियस याची वाट पाहत बसतात, आणि तो आल्यावर आम्ही पंधरवडाभर इथे थांबून आहोत असं सांगतात, ते याच 'हॅव बीन' रचनेत. इंग्रजीतल्या या रचनेच्या जुन्या उदाहरणांपैकी हे एक. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. फळ्यावर जी रचना कर्ता, हॅव, बीन अशी कोरडी मांडली जाते, तिच्या सुरुवातीच्या ओळखीच्या वाक्यांत न्यायासाठी ताटकळलेल्या बायका आहेत. नववी-दहावीच्या मुलांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना 'हॅव बीन वेटिंग' आयुष्यभर विसरता येणार नाही.

'अंटिल'वर थोडं जास्त थांबतो, कारण इथली चूक अर्थच उलटा करते. मराठीत आपण म्हणतो, तो येत नाही तोपर्यंत मी थांबतो. या वाक्यातलं 'नाही' आपल्याला खटकत नाही. त्याच्या येण्याआधीचा सगळा काळ आपल्या डोळ्यांसमोर असतो, आणि त्या काळात तो आलेला नसतो, म्हणून 'नाही'. इंग्रजी त्या काळाकडे पाहत नाही, काळाच्या शेवटाकडे पाहते : आय विल वेट अंटिल ही कम्स. आपला मुलगा मात्र 'अंटिल ही डझ नॉट कम' लिहितो, आणि इंग्रजाला ते वाक्य समजत नाही. पैसे मिळत नाहीत तोपर्यंत माल पाठवू नका, हे एखाद्या व्यापाऱ्याने इंग्रजीत असंच उतरवलं तर समोरच्याला काय कळेल याचा विचार करा. गंमत म्हणजे मराठीत 'तो येईपर्यंत मी थांबतो' हेही तितकंच रूढ आहे, आणि ते इंग्रजीशी तंतोतंत जुळतं. म्हणजे आपल्याकडे दोन वाटा आहेत. 'अंटिल'च्या धड्यात फक्त 'येईपर्यंत'ची वाट वापरायची, एवढा निर्णय शिक्षकाने घेतला की ही चूक मुळातूनच जाते.

'इट वॉज अ लाँग टाइम बिफोर ही केम' हे वाक्यही असंच. 'बिफोर' दिसलं की मुलं 'तो येण्यापूर्वी फार काळ' असं काहीतरी लिहितात. अर्थ एवढाच की त्याला यायला फार वेळ लागला.

'लागणे' या क्रियापदाबद्दल मला विशेष आपुलकी आहे. 'मला हे पुस्तक वाचायला महिना लागला.' इथे 'मला' चतुर्थीत आहे, 'महिना' कर्त्याच्या जागी, आणि क्रियापद महिन्याप्रमाणे चालतं : एक महिना लागला, दोन महिने लागले, संध्याकाळ लागली. माणूस कर्ता नाही, वेळ आपलं काम करतोय. इंग्रजीचं 'इट टुक मी अ मंथ' याच स्वभावाचं आहे. तिथेही माणूस इंग्रजी 'मी' म्हणून, म्हणजे कर्माच्या रूपात, मागे बसतो आणि पुढे नाममात्र 'इट' येतं. दोन दूरच्या भाषा एका जागी इतक्या जवळ येतात, आणि आपण मुलांना ते दाखवत नाही. उलट 'आय रिक्वायर्ड वन मंथ' असली कागदी वाक्यं शिकवतो. वेळ माणसाच्या हातात असेल तर मात्र दोन्ही भाषा कर्ता बदलतात : मी महिना घालवला, आय स्पेंट अ मंथ. आणि मग पुढचं क्रियापद आयएनजी घेतं, स्पेंट अ मंथ रीडिंग, टु रीड नव्हे. हे एवढं वेगळं पाठ करावं लागतं, त्याला इलाज नाही.

काही ठिकाणी मराठी इंग्रजीपेक्षा बारकाईने बोलते. 'दोन तासांनी येतो' आणि 'दोन तासांत येतो' यात कुणालाही फरक कळतो. पहिल्यात दोन तास जाऊ द्यायचे आहेत, दुसऱ्यात दोन तासांच्या आत तो हजर होणार आहे. इंग्रजी 'इन टू अवर्स' दोन्हीला वापरू शकते, आणि सहसा त्याचा अर्थ 'दोन तासांनी' असा होतो. 'इन' म्हणजे फक्त 'आत' असं समजून आपली मुलं 'आफ्टर टू अवर्स' म्हणतात. आतच येणार हे ठामपणे सांगायचं तर 'विदिन' वापरावं, हे शिकवलं की प्रश्न मिटतो. आणखी एक भेद दोन्ही भाषांत सारखा आहे. 'दोन तास पुस्तक वाचत होतो' आणि 'दोन तासांत पुस्तक वाचून काढलं' ही वाक्यं शेजारी ठेवा. पहिल्यात पुस्तक संपलं की नाही ते कळत नाही, दुसऱ्यात संपलं. झेनो वेंडलर या तत्त्वज्ञाने १९५७ साली क्रियापदांचं काळाच्या दृष्टीने वर्गीकरण केलं, त्यात इंग्रजीच्या 'फॉर ॲन अवर' आणि 'इन ॲन अवर' या दोन शब्दगटांना फार महत्त्व आहे. नुसतं चालणं 'फॉर'ने मोजायचं, पण एखाद्या ठिकाणापर्यंत चालत जाणं 'इन'ने. आपल्या 'दोन तास' आणि 'दोन तासांत' या जोडीने तीच परीक्षा मराठीत घेता येते. बी.एड.च्या वर्गात हे करून पाहावं, भावी शिक्षकांना आपल्या भाषेकडे पाहायची नवी दृष्टी मिळते.

कंटाळ्याची अतिशयोक्ती सगळीकडे सारखीच आहे. इंग्रज म्हणतो 'इट टुक एजेस', आपण म्हणतो युगं लोटली. गोगलगायीची गतीही दोघांची एकच. यावर वेळ घालवायचं कारण नाही.

पण रखडण्याची एक मराठी रचना अशी आहे की तिचा मला अभिमान वाटतो. पाऊस थांबता थांबेना. रात्र सरता सरेना. काम संपता संपेना. तेच क्रियापद एकदा 'ता' लावून आणि एकदा 'एना' लावून आलं, आणि ताटकळणं ऐकणाऱ्याच्या अंगावर आलं. इंग्रजीत हे कसं आणायचं? मुलं 'द रेन इज नॉट स्टॉपिंग' म्हणतात, पण त्यात पावसाचा हट्ट नाही. इंग्रजीत त्यासाठी 'वुड नॉट' आहे : द रेन वुड नॉट स्टॉप. दार उघडेना, द डोअर वुड नॉट ओपन. 'वुड' हे 'विल'चं भूतकाळी रूप, आणि 'विल'चा जुना अर्थ इच्छा. निर्जीव वस्तूला इच्छा चिकटवून इंग्रजी जे साधते, ते आपण 'एना' या प्रत्ययाने साधतो. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आलं. त्या ग्रंथातले काळ आणि अर्थ हे विचार इंग्रजी शिकवणाऱ्यांनी एकदा तरी वाचले पाहिजेत, असं मी प्रत्येक शिबिरात सांगतो. दामले मराठीच्या शिक्षकांसाठी आणि इंग्रजी व्याकरण इंग्रजीच्या, ही वाटणी आपल्याच मुलांच्या मुळावर आली आहे.

हळूहळू होणाऱ्या बदलाबद्दल दोन शब्द. 'पाणी वाढत चाललंय', 'त्याचे केस विरळ होत चाललेत', 'काम होत आलंय'. 'चालणे' बदल पुढे सरकतोय असं सांगतं, 'येणे' शेवट जवळ आल्याचं सांगतं. इंग्रजीत पहिल्यासाठी 'इज गेटिंग' किंवा 'इज राइजिंग' पुरतं, दुसऱ्यासाठी 'ऑलमोस्ट डन' असं वेगळंच वाक्य करावं लागतं. आणि चालू काळाची इंग्रजी रूपंही हळूहळूच रूढ झाली. 'घर बांधलं जातंय' हे आज 'द हाउस इज बीइंग बिल्ट' असं लिहिलं जातं. पण ही रचना रूढ व्हायला लागली ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून. त्याआधी 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणत. एकोणिसाव्या शतकात शुद्ध भाषेच्या कित्येक कैवाऱ्यांनी 'इज बीइंग'वर टीका केली, ती कुरूप आणि अशुद्ध ठरवली. आज तिच्याशिवाय वर्तमानपत्राचं एक पान छापता येणार नाही. आपल्या मुलाचं वाक्य चुकलं की त्याला हाही इतिहास कळू द्यावा.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे इंग्रजीला कुठल्या वयात हात घातला जातो ते बदललं. पण काळ शिकवायची पद्धत बहुतेक वर्गांत सूत्राचीच राहिली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या वाढल्या. तिच्यावर जुनाट म्हणून आज टीका होते, पण त्या पाठमालेत एक गोष्ट होती : मराठी वाक्य समोर असायचं आणि त्याचं इंग्रजी करायला लागायचं. मुलाला आपलं वाक्य आधी दिसायचं. ती शिस्त टाकून देताना आपण मराठी वाक्यही टाकून दिलं.

आणि 'मराठी वाक्य' म्हणजे फक्त पुस्तकातलं वाक्य असं समजायचं कारण नाही. विदर्भातली मुलं म्हणतात, मी जेवून राहिलो, तो काय करून राहिला? त्या बोलीत चालू काम दाखवायला 'राहणे' हे साहाय्यक क्रियापद मुख्य क्रियापदाला ठरलेलं आहे. म्हणजे 'आय ॲम ईटिंग'मध्ये जसे दोन तुकडे आहेत, तसेच दोन तुकडे त्या मुलाच्या तोंडी आधीपासून आहेत. 'मी दोन घंट्यापासून तुझी वाट पाहून राहिलो' या त्याच्या वाक्यात 'पाहून' ठेवायचं आणि 'राहिलो'च्या जागी 'हॅव बीन' येतं असं दाखवायचं. अमरावती-यवतमाळच्या शिक्षकांनी हे वर्गात करून पाहावं, आणि मुलांनी स्वतःच्या बोलीत सांगितलेली अशी वाक्यं वहीत उतरवून ठेवावीत. खानदेशात, कोकणात, मराठवाड्यात प्रत्येक ठिकाणी चालू कामाचं वाक्य थोडं वेगळं आहे, आणि इंग्रजीचा धडा कुठून सुरू करायचा हे त्या त्या वहीतूनच ठरवावं लागेल.